मागून आणलेला गंज

हमीदभाई, तुमच्या मय्यतीला मंडप नव्हता. बाळापूरच्या त्या अरुंद गल्लीत दीड-दोनशे माणसं वैशाखाच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून उभी होती आणि भिंतीपलीकडे तुमच्या बिछायत केंद्राच्या गोडाऊनमध्ये छतं, बल्ल्या, सतरंज्या, खुर्च्या सगळं नीट रचून ठेवलेलं होतं. गावात कुणाचंही बरंवाईट झालं की निरोप पोचायच्या आधी तुमचा टेम्पो दारात उभा असायचा. मंडप सांगावा लागतो हे गावाला ठाऊकच नव्हतं. तुम्हाला नेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं आणि चौघांनी घाईघाईनं छत ताणलं. एका कोपऱ्यात ते लोंबत होतं. तुम्ही असता तर सोडून पुन्हा बांधायला लावलं असतं.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. त्यात तुम्हाला ‘मानसिक आरोग्यासाठी झटणारे’ म्हटलंय. वाचून मला हसू आलं आणि मग राग आला. हे दोन शब्द तुम्ही आयुष्यात एकदाही तोंडातून काढले नाहीत आणि ते न काढता तुम्ही जे करत होतात त्यावरूनच तर आपलं आठ वर्षं भांडण चाललं. ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात. समोरचा उठून गेला म्हणून मी काही गप्प बसणारी नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा ऐका.

पहिल्या मेळाव्यापासून सुरू करते, कारण ती चूक निम्मी तुमची होती. मी राजापेठेतल्या घरून पहाटेची एसटी धरून अमरावतीहून आले होते. पिशवीत प्रश्नावलीचे कागद, डिप्रेशनवरची माहितीपत्रकं आणि ‘मानसिक आरोग्य मेळावा’ असा बॅनर. कॉलेजात वीस वर्षं मानसशास्त्र शिकवलेली बाई आपल्या माहेरच्या गावाला शहाणं करायला निघाली होती. तुम्ही मोठ्या हौसेनं नदीपलीकडच्या गावात, मारुतीच्या देवळापुढे, पांढराशुभ्र मंडप घालून ठेवला होता. त्या वर्षांत आपल्या वऱ्हाडात पांढरा मंडप दिसला की लोक दोनच अर्थ काढत. एक तर कुणाच्या घरी वाईट झालं, नाहीतर पुढारी पॅकेज घेऊन आला. बरेचदा दोन्ही एकदमच असायचं.

तर त्या दिवशी सगळं गाव सातबाराच्या झेरॉक्स आणि अर्ज घेऊन रांगेत उभं राहिलं. मी सांगतेय की मन मोकळं करा, आणि समोरचा माणूस रेशनकार्ड उलगडून दाखवतोय. एका म्हाताऱ्या बाबांनी माझं पत्रक उलटसुलट करून विचारलं, “बाई, ह्या डिप्रेशनचा लाभ सगळ्याइले हाये का फक्त बीपीएलले?” तुम्ही मागे खुर्च्या रचत होतात. मला तुमची पाठ हलताना दिसली. माणूस हसतोय हे पाठीवरून कळतं.

दुपारी सतरंज्या गुंडाळताना तुम्ही म्हणालात, “ताई, राग नोका मानू, पन आपून देनारे दिसलो. देनाऱ्याची लाइन लागून राह्यली गावात. त्यात अजून एक.”

मी तणतणत विचारलं, “मग काय करायचं? मागायला जायचं?”

“हौ,” तुम्ही म्हणालात. “मांगाले जाऊ.”

मला वाटलं, थट्टा करताय. पुढच्या महिन्यात तुमचा फोन आला की अमावस्येला या, रोडगे आहेत. अमावस्येला? मी फोनवरच ओरडले. आधीच लोक आपल्याला बह्याडांचे, म्हणजे वेड्यांचे, डॉक्टर म्हणायला लागले होते, त्यात अमावस्येचा मुहूर्त. तुम्ही शांतपणे हिशेब मांडलात की अमावस्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून माणसं मोकळी. त्या दिवशी लग्नं लागत नाहीत, म्हणून तुम्ही मोकळे. मानसशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात इतकं साधं कारण मला सापडलं नव्हतं. आणि वर म्हणालात, “येतानी तुमच्या आईची ते लांब दांड्याची पळी आना. आमच्याकडच्या पळीनं वरन बुडापासून हालत नाही.”

गोडाऊनमध्ये पन्नास पळ्या असणारा माणूस मला अमरावतीहून पळी आणायला सांगत होता. मी आणली. एसटीत कंडक्टरनं विचारलं की हे काय हत्यार घेऊन चालल्या, तरी आणली.

तिथे येऊन पाहते तर निंबाच्या झाडाखाली शेण्या पेटलेल्या, त्यांच्या निखाऱ्यात भाजायला बायाबापड्या रोडग्यांचे कणकेचे गोळे वळताहेत, आणि तुमच्या गोडाऊनमधली एकही वस्तू तिथे नाही. परात एका घरची, विळी दुसऱ्या घरची, वांगी तिसऱ्याच्या वाडीतली, मिरच्या वाटायला पाटा चौथ्याचा. सगळं मागून आणलेलं. आणि सगळं अशाच घरांतून, जिथे वर्ष-सहा महिन्यांत काही घडलं होतं आणि जिथे त्यानंतर लोक फक्त द्यायला जात होते. तिथेच मला वच्छलाबाई पहिल्यांदा कळली. दिसली नाही, तिचा गंज दिसला. चाळीस माणसांचं वरण मावेल एवढा जर्मनचा गंज, कडेवर तिच्या मालकाचं नाव कोरलेलं.

तिचा मालक आदल्या वर्षी गेला होता. कसा गेला ते त्या वर्षांत कुणी कुणाला विचारत नसे. पेपरवाले चारदा येऊन तिला दारात उभं करून, हातात फोटो देऊन, फोटो काढून गेले होते. साड्या आल्या, शिलाई मशीन आलं, भाषणं आली. बाई घरातल्या कोपऱ्यातून उठत नव्हती. लेकरांना भाकरी तिची जाऊ करून घालायची. तुम्ही तिच्या दारात गेलात तो प्रसंग मी तुमच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलाय की तिथे मीही होते असं मला वाटतं. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणालात, “वहिनी, तुमचा गंज पायजे व्हता. रोडग्याचं वरन शिजवाचं हाये.”

मग आतून आवाज आला, “तुमच्याकडं तं गोडाऊनभर गंज हायेत.”

“त्यात वरनाले चव येत नाही, वहिनी.”

तुम्ही हलला नाहीत. शेवटी भांडं ओढत आणल्याचा आवाज झाला आणि चौकटीपाशी गंज आला. “धुऊन आनून देजा,” ती म्हणाली. वर्षभरात बाहेरच्या माणसाशी तिनं बोललेली ही पहिली दोन वाक्यं. तुम्ही मला हे सांगताना नेहमी इथेच थांबायचात आणि बिडी शोधायचात.

पण तुम्ही तो धुऊन दिला नाहीत. शेण्यांवर ठेवण्याआधी बुडाला राख-मातीचा लेप द्यायचा असतो, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही कळतं आणि हजार लग्नांचा स्वयंपाक उठवलेला माणूस ते विसरला. गंज तव्यासारखा काळा झाला. तो तसाच तुम्ही तिच्या ओसरीवर ठेवून आलात, कारण म्हणे घाई होती. पुढच्या अमावस्येला आम्ही निंबाखाली बसलो होतो आणि वच्छलाबाई पदर खोचून, गंज कमरेवर घेऊन शेतातून चालत आली. सगळ्यांसमोर तिनं तुम्हाला धुतलं. काळ्या बुडावरून धुतलं, आणि कडेला एवढा मोठा पोचा पाडून आणला त्यावरून तर फारच धुतलं. “मांगून नेलेली वस्तू अशी वापरते का कोनी? तुमच्या घरची असती तं पाडली असती का अशी?” तुम्ही मान खाली घालून उभे होतात. “चुकलं वहिनी,” एवढंच म्हणालात. बोलून बोलून ती दमली, खाली बसली आणि कुणीतरी कणकेची परात तिच्यापुढे सरकवली तर बोलता बोलता रोडगे वळायला लागली. त्यानंतर तिनं एक अमावस्या चुकवली नाही.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, हमीदभाई, लेप द्यायला तुम्ही विसरणार नाही आणि पोचा काही आपोआप पडत नाही. तुम्ही हे मुद्दाम केलंत. दुखावलेल्या बाईला असं फसवून घराबाहेर काढायचं? बरं करायचं ते खोटं बोलून?

“गंज तं लागतेच ना ताई. खोटं कुठी हाये त्यात?”

“आणि पोचा?”

तुम्ही गिअर बदललात आणि पुढच्या गावातल्या व्हॉलीबॉलच्या जाळीबद्दल बोलायला लागलात. आठ वर्षांत मी हा प्रश्न किती वेळा विचारला असेन. माझ्याकडे शिकलेल्या मुलींसमोरही विचारला. काम वाढलं, आणखी गावं जोडली गेली, कुठे भजन-कव्वालीची बैठक, कुठे गोडाऊनमधला कॅरम, कुठे बायांचा पापडांचा दिवस. मी धर्मादाय आयुक्तांकडे लांबलचक नावाची संस्था नोंदवली, लोक मात्र ‘रोडगेवाले’च म्हणत राहिले. पण आपल्या कामाच्या मुळाशी एक लबाडी आहे, हे टोचणं माझ्या मनात कायम राहिलं आणि ते मी तुम्हाला ऐकवत राहिले. तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत, कधी नाही म्हणाला नाहीत.

एका बाबतीत मात्र मी बरोबर होते आणि ते तुम्ही कबूल केलंत, म्हणून तेही इथे लिहिते, नाहीतर लोक तुम्हाला पीर करून ठेवतील. गजानन टेलर. त्याची झोप गेली होती, शिलाई सुटली होती, बोलणं एका शब्दावर आलं होतं. तुम्ही त्याला वांगी चिरायला बसवलंत. तो यायचा, वांगी चिरायचा, जायचा. मी म्हणत होते की याला अकोल्याला डॉक्टरांकडे न्या, याला औषध लागेल. तुम्ही म्हणायचात, “येऊन तं राह्यला ना ताई. मंग?” असं तीन अमावस्या चाललं. चौथ्या वेळी तो आला नाही आणि भर दुपारी गावाबाहेरच्या विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. सापडला, हे आपलं नशीब.

त्या दिवशी मी तुमच्यावर जितकी ओरडले तितकी माझ्या नवऱ्यावरही कधी ओरडले नव्हते. म्हटलं, रोडग्यानं सगळं बरं होत असतं तर देवानं डॉक्टर कशाला केले. तुम्ही गजाननला तिथूनच टेम्पोत बसवलंत आणि अकोल्याला नेलंत. नंतर दर महिन्याला नेत राहिलात, गोळ्यांची चिठ्ठी स्वतःच्या खिशात ठेवून. वर्षभरानं त्यानं तुमच्या सगळ्या खुर्च्यांना नवी खोळ शिवून दिली आणि तुम्ही मला म्हणालात, “ताई, त्या बारीले तुमचं खरं व्हतं.” हे वाक्य ऐकायला मी केवढी आसुसले होते. ऐकलं तेव्हा मात्र काहीच जिंकल्यासारखं वाटलं नाही. मी म्हटलं, तो आला तरी कुणामुळे, वांग्यांमुळेच ना.

अकोल्याहून परत येतानाच एकदा तुम्ही मला ती बाजेची गोष्ट सांगितलीत. तुमचा धाकटा भाऊ, जो लग्नांत भोंगे लावायचा, तो गेला तेव्हा तुम्ही चार महिने दुकान उघडलं नव्हतं. लोक यायचे, हातात हात घ्यायचे, डबे ठेवायचे, जायचे. “ताई, माह्या घरात त्या वक्ती अठरा डबे पडून व्हते. परत कोनाचे कोनाले द्याचे तेच कळेना.” मग एक दिवस मागच्या आळीतली म्हातारी काठी टेकत आली. ना डबा, ना समजूत. म्हणाली, हमीद, माझी बाज ढिली पडली, दोरी ताणून दे. तुम्हाला तिचा राग आला होता. घरात काय झालंय आणि हिला बाज सुचते. पण गेलात. दोरी ओढता ओढता तुम्हाला रडू फुटलं. म्हातारी म्हणाली, रड बाप्पा, पण दोरी सोडू नको, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून ओढावी लागेल. तुम्ही रडत रडत अख्खी बाज ताणून दिलीत आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंत.

मी ते वहीत लिहून घेतलं. पुढे एका भाषणात सांगितलंही. पण हमीदभाई, त्यातून शिकले किती ते आता ऐका.

तुम्ही गेल्याच्या बाराव्या दिवशी मी अमरावतीहून आले. येताना खिचडी, कढी आणि वरूडची संत्री असं सगळं भरून रुखसानाभाभींसाठी डबा आणला. भाभी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. इद्दतीचे दिवस, बाहेर पडणं नाहीच, पण त्या घरातल्या घरातही उठत नव्हत्या. सून म्हणाली, खात नाहीत, बोलत नाहीत, तुमची टोपी हातात घेऊन बसतात. कोपऱ्यात डबे रांगेनं ठेवलेले होते. मी माझा डबा त्या रांगेत ठेवला. भाभींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “रख दो,” एवढंच म्हणाल्या. मी त्यांचा हात हातात घेतला, दोन शहाणी वाक्यं बोलले आणि बाहेर आले.

तिथून वच्छलाबाईकडे गेले. तिनं चहा टाकला आणि विचारलं, भाभी कशा आहेत. मी सांगितलं. डब्याचंही सांगितलं. चहाचं भांडं तिनं चुलीवरून उतरवून खाली ठेवलं.

“तुमी डबा घेऊन गेल्या?”

“हो.”

“मंग इतके वर्सं काय शिकल्या, ताई?”

मास्तरणीला वर्गात उभं केल्यासारखं झालं. आणि मग, माझी जीभच तशी, मी म्हटलं, “मागायला जायचं तर हमीदभाईंसारखं खोटं बोलावं लागतं. लेप विसरायचा, पोचा पाडायचा. मला ते जमत नाही.”

वच्छलाबाई उठली, आतून तो गंज घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला. पोच्यावर बोट ठेवून म्हणाली, “हा हमीदभाऊनं नाही पाडला. हा माह्या मालकाच्या हातचा हाये. मोठ्याच्या बारश्याले गंज उतरवतानी त्याइच्या हातून सुटला व्हता. पंधरा वर्सं झाले.”

मी म्हटलं, “मग त्या दिवशी तू...”

“बुडाचं काळं तं घासलं की निंगते. तेवढ्यावर किती भांडशीन? मले भल्लं भांडाचं व्हतं, ताई. वर्सभर जो येये तो हात जोडून येये. हात जोडलेल्या मानसाशी काय भांडू? एक हमीदभाऊच असा भेटला का ज्याची खरीच काही चूक व्हती. मंग मी जुना पोचाबी त्याच्याच नावावर टाकला.” तिनं पदरानं पोच्यावरची धूळ पुसली. “त्यायनं एकदा गंजाकडं पायलं, एकदा माह्याकडं पायलं. त्याले कळलं. बिछायतवाल्याले जुना पोचा नवा पोचा कळत नाही का? पन म्हने, चुकलं वहिनी.”

आठ वर्षं, हमीदभाई. आठ वर्षं मी तुम्हाला लबाड म्हणत राहिले आणि तुम्ही एका बाईनं तुमच्यावर टाकलेला पोचा निमूटपणे अंगावर वागवलात. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. पण तसं केलं असतं तर तिची ती पहिली भांडणाची सकाळ माझ्या वहीत गेली असती, भाषणात गेली असती. तुम्ही मला बरोबर ओळखून होतात. मी तुमची माफी मागते. हे मी तोंडावर म्हणू शकले नाही याचं मला फार वाईट वाटतंय आणि ते कुठल्याही पुस्तकी शब्दानं कमी होत नाही.

अजून एक. त्या दिवशी वच्छलाबाईच्या ओसरीवर बसले असताना मला माझी पळी आठवली. नवरा गेल्यावर राजापेठेतल्या त्या घरात मी एकटी होते, मुलगा लांब, आणि शेजारी इतके चांगले की कुणी मला कधी काही त्रास देत नाही, म्हणजे काही मागत नाही. तुम्ही दर अमावस्येला पळी मागत राहिलात. मी दहादा म्हटलं असेल, हमीदभाई, इथेच ठेवते ना, एसटीत लोक हसतात. “नोको ताई, घेऊन जा. पुढच्या बारीले आना.” मी स्वतःला संस्थेची अध्यक्ष समजत होते. तुमच्या यादीत मी कुठे होते ते आता कळलं. रागावले नाहीये. बरं वाटलं.

अमावस्या तीन दिवसांवर होती. वच्छलाबाई आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरी गेलो, रिकाम्या हातानं. भाभी तशाच बसल्या होत्या. वच्छलाबाई समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “भाभी, परवा अमावस्या हाये. गंज पायजे व्हता.”

भाभींनी मान न वळवता सांगितलं, “गोडाऊन की चाबी खूंटी पे है.”

“गोडाऊनातला नोको. तुमच्या चुलीवरचा पायजे.”

मला भीती वाटत होती. वाटत होतं की आता त्या म्हणतील, माझं काय झालंय आणि तुम्हाला गंज सुचतोय. सूनबाई दारात येऊन उभी राहिली होती. बाहेर एक फटफटी थांबली, पुन्हा चालू झाली, गेली. वच्छलाबाई हलली नाही. हे हलायचं नाही, तेवढं मात्र आपल्या सगळ्यांना तुम्ही पक्कं शिकवलंत.

शेवटी भाभींनी सुनेला खूण केली. सुनेनं आतून गंज आणून ठेवला. वच्छलाबाईनं तो उचलला, कमरेवर घेतला आणि आम्ही उठलो.

“कितने जने रहेंगे?” भाभींनी विचारलं.

“सत्तर-ऐंशी तं होतीनच,” वच्छलाबाई म्हणाली.

“तो ये छोटा पडेगा.” भाभींनी टोपी उशीवर ठेवली, एक हात गुडघ्यावर आणि एक हात भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. सुनेला फळीवरचं कुठलं भांडं कसं काढायचं ते सांगण्याचा आवाज येत होता. नीट धर, तिकडून नाही, इकडून. मोठा गंज घेऊन त्या स्वतः आल्या आणि माझ्या हातात दिला, वच्छलाबाईच्या नाही. मला म्हणाल्या, “धोके लाना. आपके भाई जैसा मत करना.”

अमावस्या झाली, हमीदभाई. मंडप घातला नाही, निंबाची सावली पुरली. गजाननानं वांगी चिरली आणि मीठ जास्त झालं असं दोनदा म्हटलं. रोडगे एका बाजूनं करपले, कारण निखाऱ्यांचा आर केव्हा ओढायचा ते तुम्ही कुणाला शिकवलं नव्हतं. पुढच्या वेळी जमेल. गावातले दोघेतिघे मला विचारायला आले की आता संस्थेचं काय. मी म्हटलं, काय म्हणजे काय, पुढची अमावस्या कुणाच्या शेतात ते सांगा. नदीकाठच्या एका घराचं नाव निघालंय, तिथून आपण पाटा मागणार आहोत. मी स्वतः जाईन. भाषण करणार नाही.

भाभींचा गंज माझ्याकडे आहे, अमरावतीला. एसटीत तो मांडीवर घेऊन आले, पळी त्यातच उभी, आणि कंडक्टरनं या वेळी काही विचारलं नाही. घरी येऊन पाहते तर बुड काळंकुट्ट. ऐंशी माणसांच्या गडबडीत लेप द्यायचा राहिलाच. खरंच राहिला हो, मुद्दाम नाही. तुम्हाला पटणार नाही, आणि माझं काही म्हणणंही नाही. तीन आठवडे तो ओट्यावर आहे आणि मी रोज चिंच-मीठ घेऊन त्याच्यापुढे उभी राहते, पण घासत नाही. परवा तुमचा चाळिसावा. तेव्हा असाच नेऊन भाभींच्या पुढ्यात ठेवणार आहे. त्या बोलतील. मी मान खाली घालून उभी राहीन.